फुल सिंथेटिक टाकलंय, आता इंजिन ऑईल १५,००० ला बदललं तर चालेल का? (जळगाव-धुळे-नंदुरबारवाल्यांनी सांगा)

मेहरूणकाठ
राम राम मंडळी. गाडी पेट्रोल, १.२ लिटर, ७ वर्षं जुनी, ६२,००० किमी झालेत. वॉरंटी केव्हाच संपली, म्हणून आता कंपनीच्या सर्व्हिस सेंटरऐवजी बाहेरच्या गॅरेजला देतो. या वेळी मेकॅनिकने ५डब्ल्यू-३० फुल सिंथेटिक टाकलं आणि म्हणाला, "साहेब, आता १५,००० पर्यंत बोनेट उघडू नका." गाडीच्या पुस्तकात १०,००० किमी किंवा १ वर्ष, जे आधी येईल ते, असं आहे. सासरे भुसावळ रेल्वेतून रिटायर झालेले, म्हणजे वंगण या विषयावर त्यांच्याशी वाद घालायची माझी टाप नाही. ते म्हणतात, "५,००० ला बदला. आपल्या उन्हात तेलाचं पाणी होतं."

तीन माणसं, तीन आकडे. सिंथेटिक महाग पडलं, त्यामुळे जास्त चालवावंसं वाटतं हे कबूल. पण मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, तिथे पुण्या-मुंबईच्या लोकांचा हिशोब लागू होतो का? अनुभव असेल त्यांनी लिहा.

लळिंगवाला
सासऱ्यांचं ऐका. इंजिनाचं माहीत नाही, घर तरी सुरळीत चालेल.

जुनं ते सोनं
सिंथेटिक म्हणजे निव्वळ मार्केटिंग. माझी डिझेल जीप साध्या १५डब्ल्यू-४० मिनरलवर चालते, दर ५,००० ला तेल आणि फिल्टर. चोपडा-शिरपूर भागातले रस्ते ज्यांना माहीत आहेत त्यांना जास्त सांगायला नको. इंजिन अजून उघडलं नाही. ज्याला हजार रुपये लिटरचं तेल घालून मिरवायचं त्याने मिरवावं.

डबलक्लच, भुसावळ
गॅरेज माझंच आहे, त्यामुळे "हा तेल विकायला बसलाय" असं कोणी म्हणायच्या आत सांगतो: जास्त वेळा बदललंत तर माझा फायदा. आता ऐका.

"उन्हात तेलाचं पाणी होतं" हे अर्धं खरं. बाहेर ४५ असो की २५, इंजिन गरम झालं की थर्मोस्टॅट कूलंटला ९० च्या आसपास धरून ठेवतो. तेल साधारण ९० ते ११० मध्ये फिरतं. उन्हाळ्यात ते थोडं वर सरकतं, पण बाहेर २० अंश वाढले म्हणून तेलही २० अंश वाढलं, असं होत नाही. जोवर रेडिएटर स्वच्छ आहे, फॅन चालू आहे आणि कूलंटच्या जागी बोअरचं पाणी भरलेलं नाही तोवर. बोअरचं पाणी भरणारे आपल्याकडे कमी नाहीत.

तेल खरं मरतं ते चार-पाच कारणांनी. उष्णतेने ऑक्सिडेशन होऊन ते घट्ट होतं. जळणातून तयार झालेलं आम्ल मारता मारता त्यातली अल्कली संपते. पेट्रोल मिसळून ते पातळ होतं. धूळ जाते. आणि सगळ्यात जास्त इंजिनं ज्याने गेलेली मी पाहिली ते कारण म्हणजे तेल कमी होतं आणि कोणाच्या लक्षात येत नाही. म्हणून त्या मेकॅनिकच्या १५,००० वर माझा फार राग नाही, "बोनेट उघडू नका" यावर आहे. जुन्या गाडीने हजार किलोमीटरला शंभर मिली जरी खाल्लं तरी १५,००० ला दीड लिटर होतं. तुमच्या इंजिनात एकूण साडेतीनच्या आसपास बसतं. उरलं किती? महिन्यातून एकदा, सकाळी, गाडी सपाट जागेवर असताना डिपस्टिक, म्हणजे तेलाची पातळी दाखवणारी पट्टी, काढून बघा. कुठलंही तेल घाला, हे चुकवू नका.

अमळनेरची
डबलक्लच, तुमचं गॅरेज आमच्या गावात असतं तर बरं झालं असतं. आमच्याकडे डिपस्टिक बघायला सांगितलं की पोरगा तिचं टोक बनियनला पुसतो आणि "काळं झालंय मॅडम, बदला" म्हणतो.

केमिस्ट्रीवाला
@अमळनेरची, काळं झालं म्हणजे खराब झालं असं नाही. डिझेल गाडीत नवं तेल काही शे किलोमीटरमध्येच काळं होतं, कारण त्यातलं डिटर्जंट काजळी स्वतःत धरून ठेवतं. तेच त्याचं काम. उलट सीएनजीवर तेल बराच काळ सोनेरी दिसतं, पण आतून नायट्रेशन होऊन थकलेलं असू शकतं. रंगावरून निदान करायचं तर ज्योतिष काय वाईट.

मूळ प्रश्नाकडे. बेस ऑईलचे, म्हणजे डब्यातल्या मूळ तेलाचे, पाच गट असतात. पहिला आणि दुसरा म्हणजे आपण मिनरल म्हणतो ते. तिसरा कच्च्या तेलापासूनच, पण हायड्रोक्रॅकिंगने रेणूंची इतकी साफसफाई केलेली की गुणधर्म जवळजवळ सिंथेटिकसारखे. चौथा पीएओ, म्हणजे प्रयोगशाळेत जोडून बनवलेला. पाचव्यात एस्टर वगैरे. डब्यावर फुल सिंथेटिक लिहिलंय म्हणून आत पीएओ असेलच असं नाही. दुकानात मिळणारं बरंचसं तिसऱ्या गटातलं असतं. त्यात फसवणूक नाही, रोजच्या गाडीला ते उत्तम आहे.

फायदा दोन ठिकाणी. एक, जास्त तापमानाला ते हळू सडतं. दर १० अंशांना ऑक्सिडेशनचा वेग दुप्पट, हा ढोबळ नियम धरला तर कन्नडच्या घाटात ट्रकमागे पहिल्या-दुसऱ्या गियरमध्ये चढताना हा फरक मोजण्यासारखा असतो. दुसरा फायदा थंडीतला, आणि तो आपल्याला फारसा नाही. ५डब्ल्यू-३० मधला ३० म्हणजे गरम असतानाचा घट्टपणा, आणि ५डब्ल्यू मधला ५ म्हणजे उणे ३० अंशांना इंजिन फिरवता येईल इतकं पातळ. २०डब्ल्यू ची तीच चाचणी उणे १५ ला होते. धुळ्यात गारठा पडला तरी शेकोटीपुरताच.

@जुनं ते सोनं, तुमची जीप ५,००० ला मिनरलवर छान चालते हे खरंच आहे. त्यातून सिंथेटिक वाईट असं कुठे निघतं?

जुनं ते सोनं
जुन्या इंजिनात सिंथेटिक टाकलं की सील गळायला लागतात. हे तरी मान्य आहे ना?

डबलक्लच, भुसावळ
सुरुवातीच्या काळात सिंथेटिक तेलं रबराला आकसवायची, त्यामुळे ती बदनामी झाली. नंतर मिश्रणात एस्टर घालून ते सुधारलं. आज गळती दिसली तर बहुतेक वेळा सील आधीच गेलेलं असतं, वर गाळाचं बूच बसलेलं असतं. नवं तेल ते बूच धुतं. पण तुमच्या जीपमध्ये टाकू नका, गळेल आणि तुम्ही मला शोधत भुसावळला याल.

खान्देशी तर्री
शेवभाजीवर जी तर्री येते ती कितव्या गटातली, केमिस्ट्रीवाले?

केमिस्ट्रीवाला
ऑक्सिडेशन बघता पहिल्याच. आणि ड्रेन इंटरव्हल, म्हणजे तेल किती दिवसांनी बदलायचं ते, धाब्यागणिक वेगळा.

दोंडाईचा ते दुबई
इथे गाडी ४८ अंशांत पार्किंगमध्ये उभी असते. मी १०,००० ला बदलतो, सिंथेटिकच, आणि काही त्रास नाही. त्यामुळे खान्देशचं ऊन ऊन म्हणून घाबरू नका. फरक एवढाच की इथला रस्ता गुळगुळीत, गाडी एकदा १०० ला लागली की लागली. मागच्या सुट्टीत दोंडाईचा ते नंदुरबार गेलो तेव्हा तिसऱ्या गियरच्या वर जायची हौस फिटली.

शिरपूरकर, सध्या जर्मनी
माझ्या गाडीला इथे लाँगलाइफ सर्व्हिस आहे: फोक्सवॅगन ५०४/५०७ मानांकनाचं तेल, आणि जास्तीत जास्त ३०,००० किमी किंवा २ वर्षं. गाडीतला संगणक वापर बघून आकडा खाली आणतो. १५,००० ऐकून आपल्याकडे लोक दचकतात, इथे ते निम्मं आहे.

पण एक गोष्ट विसरू नका. ते ३०,००० केवळ तेलामुळे नाहीत. इंधनात गंधक कमी, म्हणून आम्ल कमी, म्हणून तेलातली अल्कली जास्त टिकते. भारतात २०२० च्या एप्रिलपासून बीएस-६ इंधन आलं, गंधक १० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत दहा. बीएस-४ मध्ये ५० होतं. नव्वदीच्या दशकात डिझेलमध्ये ते हजारोंत होतं. मेहरूणकाठ यांच्या सासऱ्यांचे ५,००० त्या काळातले आहेत आणि त्या काळात ते बरोबरच होते. आकडा डोक्यात राहिला, डिझेल बदललं.

असं असूनही इथले गाडीवेडे ३०,००० वर विश्वास ठेवत नाहीत, १५,००० लाच बदलतात. म्हणजे सासरे सगळीकडे असतात.

केळीबाग, रावेर
तुम्ही सगळे किलोमीटर किलोमीटर करताय. ट्रॅक्टरला विचारा, त्याला किलोमीटर माहीतच नाही. आमच्या पुस्तकात २५० तास आहे. मीटर तासाचा, हिशोब तासाचा. गाडीला तासाचा मीटर नाही म्हणून कोणी बघत नाही एवढंच.

जरा गणित करा. १०,००० किमी हायवेला सरासरी ६० ने चालवली तर १६५-१७० तास. तेच १०,००० किमी जळगावात रेल्वे फाटक, बाजार आणि सिग्नल धरून सरासरी २० ने, तर ५०० तास. किलोमीटर तेवढेच, इंजिन तिप्पट वेळ फिरलं. मग दोघांना एकच आकडा कसा लावता?

आणि धूळ. मे-जूनमध्ये रोटाव्हेटर चालू असला की ट्रॅक्टर दिसत नाही, नुसता लोट दिसतो. मी ऑईल बाथ एअर क्लीनरचं तेल त्या दिवसांत रोज बघतो. धूळ तेलात गेली की लायनर आणि रिंग घासून काढते, मग तुम्ही तुपाएवढं महाग तेल घाला. सिंथेटिक धुळीला काही करत नाही.

डबलक्लच, भुसावळ
केळीबाग दादा, दंडवत. हे मी रोज गिऱ्हाइकांना सांगतो आणि ते म्हणतात एअर फिल्टर झटकून लावा ना. झटकल्याने धूळ बाहेरच्या बाजूने थोडी पडते. हवा उलटी जोरात मारली तर कागदाला बारीक भोकं पडतात, ती दिसत नाहीत. चारपाचशे रुपयांचा फिल्टर वाचवतात आणि पंधराशे रुपये जास्तीचं तेल घालतात.

हायवेचं काम चालू असलेल्या भागातून किंवा जिनिंगच्या परिसरातून ज्यांची रोजची ये-जा आहे त्यांनी एअर फिल्टर पुस्तकातल्या आकड्याच्या निम्म्यालाच बघावा. पुस्तकाच्या मागच्या पानांत 'कठीण वापर' असा एक तक्ता असतो. धूळ, कमी अंतराच्या फेऱ्या, जास्त वेळ नुसतं चालू ठेवणं, ओझं ओढणं. तो वाचला की कळतं, खान्देशातली निम्मी गाडी त्यातच बसते.

लळिंगवाला
ट्रकचं सांगतो. आमच्या नव्या गाड्यांचा ड्रेन ४०,००० च्या पुढे आहे, आणि कंपनीच तसं सांगते. मुंबई-आग्रा रोडने बिजासन घाट चढून इंदूर, रोजचं. लोक म्हणतात ट्रकला चालतं मग कारला का नाही. कारण ट्रकच्या संपमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीत, तेल बादलीने मोजावं लागतं, फिल्टर मोठा, आणि इंजिन एकदा सकाळी सुरू झालं की रात्रीच बंद. तेलाला थंड व्हायची सवडच नाही. कारवाला दूध आणायला गाडी काढतो.

बाकी टर्बो असलेल्यांना एकच विनंती: घाट चढून वर चहाला थांबलात की लगेच किल्ली फिरवू नका. अर्धा-एक मिनिट नुसती चालू ठेवा. टर्बोतलं उभं तेल तिथेच भाजून निघतं. इथे मात्र सिंथेटिकचे पैसे वसूल होतात.

नवापूर नाका
माझी बीएस-६ डिझेल एसयूव्ही. गंमत अशी की तेल कमी होण्याऐवजी डिपस्टिकवर वाढतंय! आनंद मानू की काय करू?

केमिस्ट्रीवाला
आनंद मानू नका. डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, साफ करण्यासाठी इंजिन जास्तीचं डिझेल फवारतं. गाडी गावातल्या गावात फिरत असली तर ही सफाई अर्धवट राहते, पुन्हा पुन्हा सुरू होते, आणि थोडं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली तेलात उतरतं. पातळी वरच्या खुणेच्या वर गेली असेल तर किलोमीटर न बघता तेल बदला. आठवड्यातून एकदा सुरत रोडला अर्धा तास एका लयीत गाडी चालवा.

आणि बदलताना डब्यावर कमी राखेचं, म्हणजे एसीईए सी२ किंवा सी३, जे तुमच्या पुस्तकात असेल ते बघून घ्या. जुन्या डिझेलसाठीचं सीआय-४ घातलं तर त्याची राख डीपीएफमध्ये साठते, आणि राख जाळून जात नाही.

अमळनेरची
माझा प्रश्न राहिला. स्कूटरला काय? शिवाय भाच्याच्या मोटरसायकलमध्ये एका दुकानदाराने "हे जास्त भारी" म्हणून कारचं सिंथेटिक दिलं, आता क्लच सरकतो. चढावर इंजिन ओरडतं, गाडी जात नाही.

डबलक्लच, भुसावळ
ताई, मोटरसायकलचा क्लच तेलात बुडालेला असतो. कारच्या तेलात घर्षण कमी करणारे पदार्थ असतात, ते क्लचप्लेटलाही गुळगुळीत करतात. मोटरसायकलला डब्यावर जासो एमए किंवा एमए२ हे मानांकन हवंच. लवकर काढून योग्य तेल टाका, प्लेटा जळाल्या नसतील तर एक-दोन बदलांत सुधारेल. स्कूटरचा क्लच कोरडा, बेल्टवर चालणारा, तिला जासो एमबी चालतं. स्कूटरमध्ये तेल लिटरपेक्षा कमी असतं, त्यामुळे सिंथेटिक टाकलं म्हणून तिला लांबवू नका. थोडं तेल लवकर थकतं.

भो ऐक ना
तेल बदलाले हजार लागतस, इंजिन बदलाले वावर इकनं पडस. बठ्ठा धागा यामाच ऊना.

खान्देशी तर्री
+१. याला म्हणतात गोषवारा.

पाचोरा लोकल
एक मुद्दा कोणीच काढला नाही. डबा खरा आहे कशावरून? रिकामे डबे भंगारवाले चांगल्या भावाने घेतात, ते काय कुंड्या करायला? मी तेल माझ्यासमोर सील तोडून ओतायला लावतो आणि रिकामा डबा घरी आणून खिळ्याने भोकं पाडतो. बायको म्हणते वेड लागलं.

लळिंगवाला
वेड नाही, शहाणपण. पेट्रोल पंपावरून घ्या किंवा कंपनीच्या अधिकृत डीलरकडून, आणि पक्कं बिल. तेलावर १८ टक्के जीएसटी आहे, बिल नको म्हटलं की जो उत्साहाने सूट देतो त्याच्याकडून घेऊच नका. वॉरंटीतल्या गाडीला तर बिल आणि त्यावर किलोमीटरची नोंद हवीच.

पाचोरा लोकल
आणि निघालेलं काळं तेल? मी ते पण घेऊन येतो. गोठ्याच्या लाकडाला वाळवीसाठी मारतो, फार छान.

जुनं ते सोनं
आम्ही बैलगाडीच्या आखाला घालायचो. स्लॅबवाले सेंट्रिंगच्या प्लेटांना लावायला मागून नेतात. काही वाया जात नाही.

केमिस्ट्रीवाला
वाळवी मरते कारण ते विष आहे. त्यात धातूचे कण आणि अर्धवट जळालेली हायड्रोकार्बन्स असतात, त्यातली काही कॅन्सरला कारणीभूत ठरणारी. गोठ्याचं लाकूड गुरं चाटतात. पावसाने ते विहिरीकडे जातं. वापरलेलं तेल २०१६ च्या नियमांत घातक कचऱ्यात मोडतं, आणि २०२४ च्या एप्रिलपासून ते गोळा करून पुन्हा शुद्ध करवण्याची जबाबदारी तेल कंपन्यांवर टाकली आहे. नीट प्रक्रिया केली तर त्यातून पुन्हा चांगलं बेस ऑईल निघतं. गॅरेजलाच राहू द्या, फक्त ते अधिकृत रीरिफायनरला देतात का एवढं विचारा.

पाचोरा लोकल
गुरं चाटतात हे डोक्यात नव्हतं. वरचा भाग रंगवून घेतो.

खड्डे मोजणारा
ई२० पेट्रोलचं काय? इथेनॉल पाणी ओढतं म्हणे, ते तेलात जाऊन...

डबलक्लच, भुसावळ
दादा, त्याचा वेगळा धागा काढा. इथे सुरू झालं तर दिवाळीपर्यंत संपणार नाही.

भो ऐक ना
आरे भो, इतला लिखी टाकं बठ्ठासनी, पन मेहरूणवाला भाऊले कोनी इचारं का, गाडी वरीसमा चालस कितली?

मेहरूणकाठ
वर्षाला आठ-साडेआठ हजार. ऑफिस एमआयडीसीत, घरापासून ४ किमी. सकाळी जातो, दुपारी जेवायला घरी, संध्याकाळी परत. दोन-तीन महिन्यांतून एकदा अजिंठ्यामार्गे संभाजीनगर. बाकी गावातच.

लळिंगवाला
😂😂 १५,००० व्हायला तुम्हाला पावणेदोन वर्षं लागणार! पुस्तकातलं १ वर्ष त्याआधी येऊन जातं. आम्ही इथे जर्मनीपर्यंत जाऊन आलो.

शिरपूरकर, सध्या जर्मनी
मी तर तिथेच आहे.

मेहरूणकाठ
ठीक, हसून घ्या. पण मग माझा प्रश्न असा: तेल कोट्यवधी वर्षं जमिनीखाली होतं, ते माझ्या इंजिनात एका वर्षात शिळं कसं होतं? गाडी कमी चाललीय, तर तेल कमी थकायला हवं. वर्षाची अट सर्व्हिस सेंटरचा धंदा चालावा म्हणून नाही ना?

केमिस्ट्रीवाला
प्रश्न चांगला आहे. सीलबंद डब्यात ते वर्षात शिळं होत नाही. इंजिनात होतं, आणि तुमच्या वापरात जास्त.

एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ लिटरभर पाणी तयार होतं. बहुतेक वाफ होऊन सायलेन्सरमधून जातं, थोडं रिंगांच्या फटीतून खाली क्रँककेसमध्ये येतं. सोबत न जळलेलं पेट्रोलही. लांबच्या प्रवासात तेल पुरेसं तापतं आणि हे दोन्ही उडून जातं. ४ किमीत कूलंटचा काटा मध्यावर येतो आणि आपल्याला वाटतं इंजिन गरम झालं. तेल त्याच्या बरंच मागे असतं. ते नीट तापायच्या आत तुम्ही ऑफिसच्या गेटवर. दिवसातून चारदा हेच. पाणी, पेट्रोल आणि आम्ल एकत्र राहतात, अल्कली खर्च होते. पावसाळ्यात तेल भरायच्या झाकणाच्या आत पिवळसर फेस दिसला तर तो हाच.

म्हणजे वर्षाची अट तुमच्यासारख्यांसाठीच आहे. रोज जळगाव-धुळे करणारा, वर्षाला ३०,००० चालवणारा चांगल्या सिंथेटिकवर पुस्तकापेक्षा थोडा पुढे गेला तर त्याचं तेल तुमच्या ८,००० वाल्या तेलापेक्षा चांगल्या स्थितीत असू शकतं.

केळीबाग, रावेर
मी म्हणालो होतो तास मोजा. यांच्या बाबतीत तर इंजिन किती वेळा थंड सुरू झालं तेच मोजा.

जुनं ते सोनं
मग यांना मिनरलच पुरे ना! ५,००० ला नाही तर ६ महिन्यांनी, स्वस्तात.

डबलक्लच, भुसावळ
खरं सांगू? यांच्या बाबतीत तुम्ही फार चुकीचे नाही. मिनरल साडेतीन लिटर साधारण चौदाशे, वर्षातून दोनदा, दोन फिल्टर. सिंथेटिक तीन हजारांच्या घरात, वर्षातून एकदा, एक फिल्टर. हिशोब जवळपास बरोबरीत सुटतो. फक्त मिनरल घेताना ग्रेड बदलू नका. नव्या इंजिनांत बेअरिंगच्या फटी बारीक, तेलपंप छोटा. ऊन आहे म्हणून २०डब्ल्यू-५० घालणारे आपल्याकडे खूप. पुस्तकात ५डब्ल्यू-३० असेल तर तेच, आणि त्या ग्रेडमध्ये खरं मिनरल मिळणंच अवघड, मिळतं ते सेमी किंवा फुल सिंथेटिक. म्हणून माझं मत: टाकलंय ते राहू द्या, वर्ष झालं की बदला, किलोमीटर कितीही होवोत. मेकॅनिकचे १५,००० विसरा.

अमळनेरची
किंवा ४ किमीला सायकल घ्या.

मेहरूणकाठ
मे महिन्यात दुपारी सायकल? ताई, तुम्ही या आणि चालवून दाखवा.

बरं, वर्षाने बदलतोच. पण उत्सुकता म्हणून, निघालेलं तेल तपासून मिळतं का? खरंच किती खराब झालं होतं ते आकड्यांत बघायला आवडेल.

केमिस्ट्रीवाला
मिळतं. खाणी, मोठे ट्रान्सपोर्टवाले, जनरेटरवाले नियमित करतात. खासगी प्रयोगशाळा कुरिअरने बाटली घेतात. चार आकडे मागा. १०० अंशांना व्हिस्कॉसिटी, म्हणजे घट्टपणा: ३० ग्रेडचं तेल ९.३ ते १२.५ सेंटिस्टोकमध्ये असायला हवं, तुमचं पेट्रोल मिसळून खाली उतरलं असण्याची शक्यता जास्त. टीबीएन, म्हणजे उरलेली अल्कली: नव्या तेलाच्या आकड्याशी तुलना करा, निम्म्याखाली गेला की निरोप द्यायची वेळ. लोखंड: झीज. आणि सिलिकॉन, म्हणजे धूळ. तो जास्त आला तर तेलाला बोल लावू नका, एअर फिल्टरचा डबा आणि त्याची क्लिप बघा.

नमुना घेताना गाडी वीस मिनिटं चालवून आणा, गरम असतानाच नट उघडा, पहिली धार जाऊ द्या आणि मधल्या धारेतून शंभर मिली कोरड्या स्वच्छ बाटलीत घ्या. पाण्याची जुनी बाटली नको. नवं तेलही थोडं वेगळ्या बाटलीत पाठवा, नाहीतर तुलना कशाशी करणार?

डबलक्लच, भुसावळ
आणि हात भाजू नका. गरम तेलाचा नट सुटताना धार थेट मनगटावर येते.

लळिंगवाला
आमच्या गाड्यांचे नमुने जातात. एकदा एका गाडीत सिलिकॉन अचानक वर आलं, इनटेकच्या पाइपला बोटभर चीर निघाली. इंजिन वाचलं. तपासणीचा खर्च त्यापुढे काहीच नव्हता.

केळीबाग, रावेर
केमिस्ट्रीवाले, ट्रॅक्टरचं तेल पण घेतात का ते? रोटाव्हेटरच्या हंगामानंतर एकदा बघायचंय.

केमिस्ट्रीवाला
घेतात. बाटलीवर किलोमीटरच्या जागी तास लिहा, आणि मध्ये किती टॉप-अप केलं तेही. आणि रोटाव्हेटर चालू असताना शेतात नमुना काढू नका, सगळं सिलिकॉन तिथल्याच धुळीचं येईल.